न जाणवणाऱ्या पावलांचा ततकार : ठाण्यातल्या एका नृत्यपटाचा प्रकरण अभ्यास

नौपाड्यात कथकचा वर्ग चालवणाऱ्या एक शिक्षिका, वर्गात सगळ्यांच्या ‘ताई’. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, नाच तीस वर्षांहून जास्त. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. औषधांत पॅक्लिटॅक्सेल होतं. शेवटचा डोस होऊन आठ महिने उलटले, केस परत आले, वर्गही सुरू झाला, पण दोन्ही तळपाय बधिर राहिले आणि हाताच्या बोटांची टोकं अर्धवट. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता जाहिरातींच्या फिल्म करते. तिने यावर साडेसहा मिनिटांच्या आतला नृत्यपट करायचं ठरवलं. चार दिवस तालीम, दोन दिवस शूटिंग, वागळे इस्टेटमधला पत्र्याच्या छताचा एक रिकामा गाळा आणि पाच जणांचं युनिट. प्रकरण प्रातिनिधिक म्हणून मांडलं आहे आणि माणसं निनावी ठेवली आहेत. कामाचे तपशील मात्र दुसऱ्या कुणाला वापरता येतील इतके नेमके दिले आहेत.

आधी आजाराची बाजू, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. पॅक्लिटॅक्सेलसारखी टॅक्सेन गटातली औषधं पेशींमधल्या सूक्ष्मनलिका गोठवतात. कर्कपेशीचं विभाजन थांबतं ते त्यामुळेच. पण मज्जातंतूंच्या आतली ने-आणही याच नलिकांवरून चालते. जो तंतू सर्वांत लांब, त्याला फटका आधी, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते, नंतर हात. बधिरपणाचा आकार मोज्या-हातमोज्यांसारखा दिसतो. स्पर्श जातो, कंप जाणवणं जातं आणि सांधा कुठे आहे हे डोळे मिटून कळणंही कमी होतं. डॉक्टर हे १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने आणि १२८ हर्ट्झच्या नादकाट्याने (ट्यूनिंग फोर्कने) तपासतात. स्नायूंची ताकद बहुतेक शाबूत असते. बऱ्याच जणांना काही महिन्यांत फरक पडतो, काहींना पुरता पडत नाही.

नर्तकीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पाय चालतो, पण पायाकडून परत निरोप येत नाही.

पहिली चाचणी का फसली

चाचणीच्या दिवशी एक साधा पूर्णाकृती शॉट घेतला. तीनतालातला ततकार, म्हणजे सोळा मात्रांच्या तालावर पावलांनी द्यायचे आघात, बराबर, दुगुन, चौगुन, म्हणजे एकपट, दुप्पट, चौपट लयीत. पडद्यावर पाहिला तेव्हा युनिटमध्ये शांतता पसरली, कारण काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. तीस वर्षांची सवय पायांत मुरलेली. पाठ ताठ, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अचूक. ज्याला माहीत नाही त्याला हा एका उत्तम कथक शिक्षिकेचा ततकार होता, बस.

मग दुसरा मार्ग आला, जो शंभरातले नव्वद जण घेतात: चेहऱ्यावर दुःख. ताईंनी करुण रसाची दृष्टी, ओघळते खांदे, पावलांकडे पाहून निःश्वास असं सगळं केलं, आणि चांगलं केलं. पण ते विरहिणीचं दुःख झालं. सखीला सांगावं तसं. बधिर तळव्याशी त्याचा संबंध फक्त पाहणाऱ्याला आधी सांगून ठेवलं तरच लागत होता.

उत्तर ध्वनिमुद्रकाला सापडलं. त्याने घुंगरांचा ट्रॅक संगणकावर पसरला आणि दोन गोष्टी दाखवल्या. एक, टाचेचे आघात गरजेपेक्षा जोराचे होते. पायाला जमीन लागल्याची खात्री पटत नसली की माणूस पाय आपटून चालतो, तसंच ततकारात होत होतं. दुसरी गोष्ट चौथ्या आणि पाचव्या मात्रेच्या मध्ये होती. ‘ता थेई थेई तत् । आ थेई थेई तत्’ यात उजवा, डावा, उजवा, डावा असे पाय पडतात आणि ‘आ’ला परत डावाच येतो. म्हणजे ‘तत्’ला डाव्यावर भार टाकायचा नाही, नुसता आघात द्यायचा. भार टाकला की नाही हे सांगतो तळवा. तो गप्प असल्यामुळे दर वेळी ‘आ’ किंचित उशिरा येत होता. आणि नेमक्या त्याच क्षणी ताईंची नजर क्षणभर खाली जात होती. वर्गात ज्या गोष्टीसाठी त्या मुलींना रागावतात, तीच.

नृत्यपटाचा विषय इथे ठरला. न जाणवणं कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याची भरपाई करणारं शरीर दिसतं: खाली जाणारी नजर, आपटणारी टाच, अर्ध्या मात्रेचा संशय. तालमीत जे पुसून काढायचं असतं तेच या वेळी जपायचं होतं. तीस वर्षं शुद्ध नाचलेल्या बाईला हे मान्य करायला चार दिवसांतले दोन लागले, आणि ते योग्यच होतं.

सात्त्विक भावांची यादी कॅमेऱ्यासमोर धरली तर

तालमीत एक जुनी चौकट कामाला आली. नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायी भाव शोक, आणि शरीरात आपोआप उमटणाऱ्या गोष्टी म्हणजे आठ सात्त्विक भाव: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच (काटा येणं), स्वरभंग, वेपथु (कंप), वैवर्ण्य (रंग उतरणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं). रंगमंचावर यातले निम्मे फक्त सुचवता येतात. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेतून कुणाच्या हातावरचा काटा दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. दिग्दर्शिकेने आठही भाव कागदावर लिहून प्रत्येकासमोर एकच प्रश्न टाकला: हे खरंखुरं घडवून टिपता येईल का? जे फक्त अभिनयानेच येईल ते काट मारून बाजूला. अश्रू पहिल्यांदा गेले.

स्वेद सोपा. पंधरा मिनिटं ततकार केल्यावर मानेवर जो घाम येतो तो ग्लिसरीनच्या थेंबांपेक्षा वेगळा वाहतो. मेकअपवाल्याला स्प्रेची बाटली आणू नकोस एवढंच सांगावं लागलं. रोमांच मात्र खटाटोपाचा. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे संवेदना शाबूत आहे, ओलं फडकं फिरवून टेबलफॅनचा झोत सोडला. बर्फ वापरला नाही. मज्जातंतूंना इजा झालेल्या माणसाजवळ थंड-गरमचे प्रयोग करू नयेत. दिवा एकच, त्वचेला जवळजवळ घासून जाईल अशा कोनात, साधारण १०–१५ अंशांवर, नाहीतर काटा सपाट दिसतो. लेन्स १०० मिमी मॅक्रो, वेग सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे २५ च्या हिशेबात चौपट संथ. शहारा काही सेकंदांत विरतो, त्यामुळे आधी कॅमेरा सुरू, मग पंखा. पहिले दोन टेक एलईडी दिव्याच्या लुकलुकीने वाया गेले. पॅनल बॅटरीवर होता, पण प्रकाश अर्ध्यावर आणला होता, आणि स्वस्त पॅनल प्रकाश कमी करताना प्रत्यक्षात भरभर चालू-बंद होतात. दिवा पूर्ण क्षमतेवर ठेवून लांब नेला, तेव्हा चित्र स्थिरावलं.

वेपथु, म्हणजे कंप, कसा मिळाला ते पुढे येईल. तो चुकून मिळाला.

लय आणि फ्रेम यांचं लग्न

शूटिंगच्या आधी लय पक्की केली: मिनिटाला ७५ मात्रा. कारण गणिती आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ७५ च्या लयीत एक मात्रा बरोबर २० फ्रेमची होते. दुगुनीत एका आघाताला १०, चौगुनीत ५. सोळा मात्रांचं आवर्तन ३२० फ्रेमचं, म्हणजे १२.८ सेकंद. संकलकाला सम कुठल्या फ्रेमवर आहे हे शोधत बसावं लागत नाही. हीच लय ६० ठेवली असती तर बराबरीत २५ फ्रेम छान बसल्या असत्या, पण चौगुनीत सव्वासहा आल्या असत्या, आणि सव्वा फ्रेम कापता येत नाही. पूर्ण नृत्यपट तीस आवर्तनांचा बांधला: ६ मिनिटं २४ सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ फ्रेमला शटर १/५० ठेवलं की गाळ्यातल्या ट्यूबलाइटही त्रास देत नाहीत.

ठेका, म्हणजे तबल्यावर चालणारा तालाचा साचा, ताईंच्या कानात वाजायचा होता, गाळ्यात नाही, कारण घुंगरांचा आवाज एकटा हवा होता. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि तो उशीर प्रत्येक वेळी सारखा असेलच असं नाही. म्हणून कमरेला ठेका पकडणारा छोटा रेडिओ-रिसीव्हर, ओढणीखालून वर जाणारी वायर आणि एका कानात बारीक इअरफोन. जुनाट दिसतं, पण चालतं.

जमीन, पाय आणि नको असलेली खाडी

मूळ पटकथेत एक दृश्य खाडीच्या चिखलात होतं, ओहोटीच्या वेळी, तिवरांच्या कडेला. घोडबंदरकडे गायमुखला किंवा ऐरोलीच्या बाजूला असं दृश्य सुंदर निघतं यात वाद नाही, मागे गुलाबी रोहित पक्षीही मिळाले असते. ते दृश्य फिजिओथेरपिस्टने एका वाक्यात मारलं: चिखलात काच किंवा कालवांचं कवच पायात घुसलं तर ते पायाला कळणार नाही, रक्त दिसल्यावर डोळ्यांना कळेल. ज्याच्या तळव्यांना जाणवत नाही त्याने अनोळखी जमिनीवर अनवाणी जायचं नाही. मधुमेहींना सांगतात तेच.

खाडीच्या जागी शाडू आली. माघी गणपती नुकते उरकले होते, मूर्तिकाराकडे माती शिल्लक होती. ४ बाय २ फुटांचा लाकडी ट्रे, दोन इंच थर. एवढ्यालाही सुमारे ५० किलो कोरडी शाडू लागते, आणि चार-पाच पावलांपेक्षा जास्त त्यात मावत नाहीत. माती दोनदा चाळली, त्यात खडा-तार काही राहू नये म्हणून. मळण्यासाठी कोमट पाणी घेतलं आणि त्याचा अंदाज ताईंच्या बोटांनी घेता येणार नव्हता, म्हणून सहायिकेने कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला पाहतात तसं. दिव्यांखाली माती तासाभरात भेगाळते, त्यामुळे दोन टेकच्या मधे ओलं गोणपाट.

या ट्रेने अनपेक्षित दान दिलं. पावलांचे ठसे टाचेकडे खोल आणि बोटांकडे जेमतेम उमटले. शरीर कुठे खात्री शोधतंय ते मातीने लिहून दिलं. पहिल्या भागात नाच नाहीच. पाच ठसे, त्यांत हळूहळू झिरपणारं पाणी आणि ताईंची बोटं, जी त्या ठशांची खोली चाचपतात आणि पुरती चाचपू शकत नाहीत. संपूर्ण शरीर दाखवल्याशिवाय नृत्य होत नाही ही समजूत सोडायला दिग्दर्शिकेला एक जुना दाखला उपयोगी पडला. १९६६ मध्ये अमेरिकन नृत्यकार यव्हॉन रेनर शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होत्या, तेव्हा नुसत्या एका हाताच्या हालचालींची ‘हँड मूव्ही’ तयार झाली. अंथरुणाला खिळलेल्या शरीरात जे हलतं, तेवढ्यावर नृत्य.

ततकारासाठी गाळ्याच्या शहाबादी फरशीवर थेट नाचणं गुडघ्यांना परवडणारं नव्हतं. खाली फोम, त्यावर रीपा, त्यावर १८ मिमीच्या प्लायच्या ८ बाय ४ च्या चार शीट, असा १६ बाय ८ फुटांचा पाट केला. पहिल्याच आघाताला तो ढोलासारखा घुमला, कारण रीपांमधली पोकळी. तिच्यात गोधड्या आणि जुन्या गाद्यांचा कापूस कोंबला, तेव्हा घुमणं बसलं. प्लाय घासून कडांना कापडी टेप, स्क्रूची डोकी आत बुडवून वर लांबी (पुट्टी) भरलेली. दर चाळीस मिनिटांनी हातआरशाने दोन्ही तळवे तपासायचे, काम पंधरा मिनिटं आणि बसायचं दहा. ताईंना याचा कंटाळा यायचा. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या टाचेत शिरलेली लाकडाची सळ याच तपासणीत सापडली. त्यांना तिचा पत्ताही नव्हता.

घुंगरांचं आणखी एक. आजाराआधी पायाला दीडशे बांधायच्या, आता ७५. वजनापेक्षा अडचण दोरीची होती. बोटांना गाठीचा ताण कळत नाही आणि घोट्याला आवळल्याचं कळत नाही, त्यामुळे दोरी करकचून बसते. आत मऊ सुती पट्टी, वर दोरी, आणि बांधल्यावर दुसऱ्या कुणीतरी दोरीखालून करंगळी घालून पाहायची. वेल्क्रोचे पट्टे सोयीचे, पण त्यांत घुंगरू दाबून बसतात आणि आवाज कोरडा होतो. ते तालमीपुरते ठेवले.

‘कट’ कोण म्हणणार?

हा प्रश्न तांत्रिक नाही, पण अर्धा दिवस त्याने खाल्ला. दिग्दर्शिका ताईंची शिष्या. समोर गुरू नाचत असताना मध्येच ‘कट’ म्हणायला तिची जीभ उचलेना, आणि टेक बरा नव्हता हे सांगायला तर मुळीच नाही. ‘ताई, अजून एक घेऊया का, सेफ्टीसाठी?’ असं ती म्हणायची. ताई ते शब्दशः घ्यायच्या आणि दुसरा टेक जास्त शुद्ध द्यायच्या. शुद्ध तर नकोच होतं.

तोडगा वर्गातूनच निघाला. थांबवण्याचा अधिकार तबलावादकाला दिला. दिग्दर्शिकेने बोट वर केलं की तो मायक्रोफोनवरून कानातल्या ठेक्यावर तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपणारा बोल, टाकायचा, आणि तिहाईवर समेला येऊन थांबणं हे कुठल्याही कथक नर्तकीच्या अंगात असतं. अपमान नाही, गोंधळ नाही, आणि संकलकाला प्रत्येक टेकचा शेवट समेवर मिळतो. टेकबद्दल बोलायचं ते फक्त मॉनिटरवर पाहताना, आणि आधी ताईंनी बोलायचं.

त्याच वेळी काय दाखवायचं नाही तेही लेखी ठरलं: व्रण नाही, रुग्णालय नाही, जुने फोटो नाहीत. कच्चा कट ताई एकट्या आधी पाहणार आणि कुठलाही शॉट कारण न देता काढू शकणार.

आवाजाचे दोन भाग करणं

सगळ्या कामात सर्वांत फळलेला निर्णय हा. मायक्रोफोन दोन लावले. एक छोटा कंडेन्सर, जमिनीपासून सुमारे ३० सेंमीवर, पाटाच्या बाहेर. तो घुंगरांची छनक घेतो. दुसरा स्पर्श-मायक्रोफोन, पिएझोची चकती, प्लायला खालून चिकटवलेली. त्याला हवेतलं फारसं ऐकू येत नाही, टाचेचा ठोका तेवढा येतो. छनक आणि ठोका वेगळ्या ट्रॅकवर आले की संकलनात त्यांची फारकत करता येते. घुंगरांचा आघात फार टोकदार असतो. सरासरी पातळी बरी दिसते आणि शिखरं कापली जातात. शिखरं उणे १२ डेसिबलच्या खाली राहतील एवढी पातळी ठेवली आणि मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ.

गाळ्याच्या पत्र्याने दुपारी वेगळाच त्रास दिला. ऊन चढलं की पत्रा प्रसरण पावतो आणि टक्-टक् वाजतो, घुंगराच्या आवाजाशी मिळताजुळता. आवाजाचं सगळं काम सकाळी दहाच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. शेजारच्या गाळ्यातलं प्रेस रविवारी बंद, म्हणून शूटिंगच्या दोन दिवसांतला एक रविवार धरलेला.

या दोन ट्रॅकवर दुसरा भाग उभा राहिला. पडद्यावर पाय नाहीत. चेहरा, मान, पाठ, आणि ताईंच्याच आवाजातली पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल. बोल अचूक चालू आहेत, छनक येते, पण ठोका काढून टाकलाय. घुंगरू वाजतात आणि जमीन लागत नाही. वरून करुण स्वरांचा लेहरा (परत परत येणारी धून) टाकावा अशी सूचना दोनदा आली आणि दोनदा फेटाळली गेली, बरं झालं. श्वास वाढत जातो तशी पढंत अडखळते. स्वरभंग तिथे आपसूक येतो.

हललेला कॅमेरा

पहिल्या दिवशी कॅमेरा वाळूच्या पिशवीवर ठेवून पावलांचा शॉट लावला, लेन्स जमिनीपासून १५ सेंमी, ५० मिमी. घाईत पिशवी पाटावरच राहिली. प्रत्येक ठोक्याला चित्र हादरलं. छायाचित्रकाराने शिवी हासडून कॅमेरा फरशीवर नेला, तेव्हा शॉट स्थिर, नेटका आणि निर्जीव झाला. रात्री दोन्ही पाहताना लक्षात आलं की तळव्यांना जो हादरा पोचत नाही तो पहिल्या शॉटमध्ये पाहणाऱ्याला पोचतोय. वेपथु तो हाच.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम घेतला, आणि मुद्दाम घेताना तो चुकला, कारण तीन गोष्टी सांभाळायला लागतात. सेन्सर पट्ट्यापट्ट्याने वाचला जातो, त्यामुळे बारीक कंपांत चित्र जेलीसारखं डुलतं. पिशवीखाली फोमचा एक थर टाकला की बारीक कंप गिळला जातो आणि मोठा धक्का तेवढा राहतो. कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं स्थिरीकरण दोन्ही बंद. आणि शटर १/५० वरून १/१००, नाहीतर धक्का नुसता धूसर दिसतो. एवढं करूनही संकलनात सहायकाने चांगल्या मनाने सगळ्या हलत्या शॉटना स्टॅबिलायझर लावून टाकला. शॉट परत मेला. त्यानंतर फाइलच्या नावातच ‘हलू दे’ लिहिलं.

अंधार

तिसऱ्या भागाचा शेवट अंधारात चक्करांनी व्हायचा होता. तालमीत दिवे मंद केले आणि तिसऱ्या चक्करला ताई तिरक्या गेल्या. सहायिकेने सावरलं म्हणून निभावलं. तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो: डोळे, कानातला तोलाचा अवयव आणि सांधे-तळवे. तिसरा आधीच कमी, चक्करमध्ये दुसरा ढवळलेला, आणि दिवे घालवून पहिलाही काढून घेतला. पडायचंच बाकी होतं.

मग अंधार कॅमेऱ्यात केला. गाळ्यात डोळ्यांना पुरेल इतका उजेड कायम ठेवला, लेन्सचं छिद्र दोन स्टॉप बंद केलं (आत येणारा उजेड पाव), मागची भिंत काळ्या कापडाने झाकली आणि नजर रोवायला कॅमेऱ्याच्या वर पांढऱ्या टेपची फुली. सत्तावीस चक्करांचा हट्ट सोडून पाच. फ्रेमबाहेर दोन्ही बाजूंना एकेक जण गुडघ्यावर. कॅमेराच नर्तकीभोवती फिरवावा अशीही एक कल्पना निघाली होती. तिच्यात फिरल्याचा भास होतो, पण पाचव्या चक्करनंतर पाय जमीन शोधताना जे करतात ते त्यात कुठून येणार?

चार फ्रेमचा उशीर

तिसऱ्या भागात पाय दिसतात आणि आवाजही येतो, पण आवाज मागे सरकवलेला आहे. किती, यावर संकलनाचे दोन दिवस गेले. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) शिफारशीत (बीटी.१३५९) आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं असं धरलं आहे. २५ च्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन फ्रेम सरकवलं, कुणालाच कळलं नाही. सहा फ्रेमला सगळ्यांनी तांत्रिक चूक म्हटलं. चार फ्रेम, म्हणजे १६० मिलिसेकंदांना, पाहणारे अस्वस्थ झाले आणि का ते त्यांना सांगता येईना. तेच हवं होतं.

यात एक गंमतशीर सापळा आहे. चौगुनीत दोन आघातांमधलं अंतरच पाच फ्रेम. तिथे आवाज पाच फ्रेम मागे नेला की तो पुढच्या आघातावर चपखल बसतो आणि सगळं परत जुळलेलं दिसतं. चार फ्रेमलासुद्धा कान एका फ्रेमची फट माफ करून टाकतो. म्हणून विस्थापन जाणवतं ते फक्त बराबर आणि दुगुनीत. चौगुन आली की ते आपोआप झाकलं जातं, आणि संकलकाने हे लपवायच्या ऐवजी वापरलं: लय वाढते तसं पाऊल आणि आवाज एकमेकांना सापडल्यासारखे वाटतात, लय उतरली की परत सुटतात.

ठेका या भागात अजिबात ठेवला नाही. तो चित्राबरोबर राहिला आणि घुंगरू मागे, तर मराठी प्रेक्षक एकाच निष्कर्षाला येतो, बाई बेताल आहेत. हरवलेल्या संवेदनेचं रूपांतर वादनातल्या चुकीत होतं.

रंगसंस्करणात एक किरकोळ भांडण झालं. शेवटच्या चक्करनंतर ताईंचा चेहरा फिका पडलेला; सॉफ्टवेअरने त्वचेचा रंग ‘दुरुस्त’ करून सगळे शॉट एकसारखे गहूवर्णी केले. वैवर्ण्य गेलं. मूळ रंग परत आणला, नुसता उजेड जुळवला.

दाखवताना

पहिला खेळ वर्गाच्या हॉलमध्येच झाला, भिंतीवर प्रोजेक्टर आणि कुणीतरी आणलेला ब्लूटूथ स्पीकर. पाचव्या मिनिटाला ध्वनिमुद्रक उठून उभा राहिला. त्या स्पीकरने स्वतःचा उशीर मिसळला होता. चारचे आठ-नऊ फ्रेम झाले होते आणि पहिल्या भागातलं पाणीही ठशात पडल्यावर उशिराने टपकत होतं. लोकांनी ते सभ्यपणे सहन केलं.

तेव्हापासून नृत्यपटाच्या फाइलबरोबर तीन वस्तू जातात. पहिली, १० मीटरची ऑडिओ वायर. दुसरी, पाच सेकंदांची चाचणी-फाइल, टाळी वाजवणाऱ्या दोन हातांची. ती लावून हॉलच्या मध्यावर उभं राहून आवाज आणि चित्र जुळतंय का ते पाहायचं. शेवटच्या रांगेपर्यंत दहा मीटर असतील तर हवेतूनच सुमारे ३० मिलिसेकंद उशीर होतो, तेवढा सोडून द्यायचा. तिसरी, एक कागद, प्रोजेक्टर किंवा टीव्ही लावणाऱ्यासाठी: चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा, आवाज वायरने द्या, आणि मधल्या भागात पाय दिसत नाहीत म्हणून फाइल परत सुरू करू नका.